ज्ञानेश्वरीचा अभ्यास, कुकरच्या शिट्ट्या आणि चिडचिड

गोकुळपेठ_पहाट:
पारायणाबद्दल विचारत नाही, अभ्यासाबद्दल विचारते आहे. रोज थोडं, अर्थासकट, वहीत टिपून. अडचण वेळेची कमी आणि घराची जास्त. ओवी अर्ध्यावर असताना दूध उतू जातं, नळ येतो, सासूबाईंच्या औषधाची वेळ होते, डबेवाल्यांचा गोंधळ सुरू होतो. मग उठताना जी चिडचिड होते ती वाचलेल्या सगळ्यावर पाणी फिरवते. घरचे लगेच म्हणतात, "पोथी वाचून हेच मिळतं का?" घरोघरी हेच चाललेलं असणार, म्हणून धागा काढला.

किती ओव्या घ्याव्या, कुठून सुरू करावं, कधी बसावं, मधेच उठावं लागलं तर काय करावं, आणि चिडचिडीचं काय? कृती सांगा. अनुभवकथन नको, कुणाचे चमत्कार तर मुळीच नकोत.

ओवीमोजणी:
आधी हिशेब मांडू, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर येतात.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार. प्रतीप्रतीत आकडा थोडा बदलतो, ते सोडा. नुसती मोठ्यानं वाचली तर मिनिटाला सहा-सात ओव्या होतात, म्हणजे सगळा ग्रंथ बावीस ते पंचवीस तासांचा. सात दिवसांच्या पारायणाला रोज सव्वातीन-साडेतीन तास लागतात ते त्यामुळेच. अभ्यासाचा वेग वेगळा. ओवी वाचायची, अन्वय लावायचा, अडलेला शब्द पाहायचा, एक ओळ लिहायची, याला एका ओवीमागे तीन-चार मिनिटं जातात. वीस मिनिटांत पाच ओव्या झाल्या तर उत्तम.

रोज पाच धरल्या तर पूर्ण ग्रंथाला १८०० दिवस, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. ऐकून घाबरू नका, पण पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत जायचा हट्टही धरू नका. अध्याय सारखे नाहीत. पाचवा १८० ओव्यांचा, तेरावा ११७० चा, अठरावा १८१० चा. पहिल्यापासून सुरू करणारे बहुतेक जण सहाव्यात, योगाच्या भागात थांबतात, कारण तिथली परिभाषा एकदम बदलते. बारावा अध्याय २४७ ओव्यांचा आहे, पाचच्या हिशेबानं पन्नास दिवसांत होतो. मूळ गीतेतले श्लोकही वीसच. सुरुवात तिथून करा.

आणखी एक कारण आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात आठ ते अकरा हे चार श्लोक उतरत्या पायऱ्यांसारखे आहेत: मन माझ्यात ठेव; ते जमत नसेल तर अभ्यास कर; तेही नसेल तर माझ्यासाठी कर्म कर; तेही नसेल तर फळाचा त्याग कर. त्यातल्या नवव्या श्लोकावर ज्ञानदेव काय म्हणतात ते पाहा. आठ पहरांतलं मोजकं निमिषभर तरी देत जा, एवढंच मागतात. आठ पहर म्हणजे चोवीस तास. आपण तर वीस मिनिटं काढायचं बोलतोय.

तर्री_कमी_पोहे_जास्त:
काहून एवढा ताप करून घ्यायचा जी? कुकर लावून पोथी उघडाल तर माणूस ओवी मोजून राहिला का शिट्टी मोजून राहिला, त्यालेच समजत नाही. गॅसवर काही ठेवून बसायचंच नाही, झालं.

बसायच्या आधी डाळ-तांदूळ धुऊन वेगवेगळे भिजत घाला. वीस-पंचवीस मिनिटांनी उठाल तोवर तुरीची डाळ फुगलेली राहते, मग शिट्ट्याही कमी लागतात. दूध नंतर तापवा. पीठ मळून झाकून ठेवून बसा, तेही तेवढ्यात मुरते. भिजायचं ते भिजते, मुरायचं ते मुरते, अन् तुमचं वाचन होते.

गोकुळपेठ_पहाट:
हे भलतंच कामाचं निघालं. धन्यवाद भाऊ. पण बसायचं किती वाजता? पंचांगात ब्राह्ममुहूर्त पाहिला तर काही ताळमेळ लागत नाही.

खसची_ताटी:
कारण बहुतेक छापील दिनदर्शिकांतला सूर्योदय मुंबईचा असतो. नागपूर मुंबईच्या सुमारे सव्वासहा अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य सरासरी पंचवीस मिनिटं आधी उगवतो. उन्हाळ्यात फरक थोडा वाढतो, हिवाळ्यात थोडा घटतो.

ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. मेअखेर नागपुरात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, म्हणजे मुहूर्त ३:५४ ते ४:४२. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सुमारे ६:५० ला, म्हणजे ५:१४ ते ६:०२. दोन्हींत सव्वा तासाहून जास्त अंतर. मेमध्ये रात्री साडेअकरापर्यंत गच्ची तापलेली असते, बारापर्यंत झोप लागत नाही, आणि चारला उठायचं? चार दिवस उठाल, पाचव्या दिवशी सगळ्या घरावर खेकसाल. चिडचिडीचं पहिलं कारण अपुरी झोप असतं, हे कुणी पोथीत शोधत नाही.

म्हणून वेळ घड्याळाला न बांधता घरातल्या एखाद्या कामाला बांधा. "नळ भरून झाला की" किंवा "पहिला डबा गेला की". कामं ऋतूप्रमाणे सरकतात, त्यांच्याबरोबर वाचनही सरकतं.

उन्हाळ्यात कूलरचा एक फायदा आहे जो कुणी मोजत नाही. कूलर चालू असला की शेजारच्या खोलीत मोठ्यानं वाचलं तरी कुणाची झोप मोडत नाही. ओवी मोठ्यानं वाचलीच पाहिजे, चौथा चरण आखूड असतो तो कानालाच कळतो. मात्र ग्रंथ कूलरच्या झोताखाली ठेवू नका. दमट हवेनं पानं वाकतात, बांधणी सुटते, आणि जूनमध्ये बुरशी धरते. कपाटात वेखंडाचे दोन तुकडे टाकले की कसर लागत नाही.

मधलं_पान:
आता मुख्य दुखण्याकडे येतो. मधेच उठावं लागणार हे गृहीत धरूनच मांडणी करायची. अखंड वेळ मिळेल असं समजून बसणारा माणूस पहिल्या हाकेलाच दुखावतो. हाकेचा राग नसतो तो. धागा तुटला, आता पुन्हा शोधावा लागेल, याचा राग असतो. धागा दोन मिनिटांत सापडायची सोय असेल तर तो राग निम्म्यावर येतो.

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, जुन्या लग्नपत्रिकेचा चालतो. तोच खुणेचा कागद. त्यावर पेन्सिलीनं तीनच गोष्टी लिहायच्या: शेवटच्या ओवीचा आकडा, दृष्टांत कोणता चालू होता (एका शब्दात, "कमळ", "सूर्य", "पाणी"), आणि आता पुढे काय विचारायचं होतं. हाक आली की आधी ही ओळ लिहायची, मग उठायचं. दहा सेकंद लागतात. "आले" म्हणायलाही तेवढेच लागतात.

थांबायची जागाही बघून ठेवा. ज्ञानेश्वरीत दृष्टांत एकटा येत नाही, तीन-चार-पाच ओळीनं येतात आणि मग "तैसें" म्हणून मुद्दा येतो. रांगेच्या मध्ये थांबलात तर दुसऱ्या दिवशी मुद्दाच हाती लागत नाही. "तैसें" पर्यंत जा किंवा पहिल्या "जैसें"च्या आधी थांबा. पाच ओव्यांचा नियम इथे मोडला तरी चालेल, तीन होतील किंवा आठ.

वहीबद्दल. शंभर पानी साधी वही, डावं पान शब्दांना, उजवं पान अर्थाला. उजव्या पानावर रोज एकच वाक्य, स्वतःच्या बोलीत. सार्थ प्रतीतला अर्थ उतरवून काढणं म्हणजे अभ्यास नव्हे, ते शुद्धलेखन झालं. सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत चांगली आहे, पण अर्थाचा भाग आधी हातानं झाकून ठेवायचा. आधी आपण चुकायचं, मग उघडून पाहायचं. चुकलेलं खोडू नका.

आणि फोनवर वाचू नका. ग्रंथ सगळा फोनमध्ये आहे हे खरं, पण त्याच फोनमध्ये सोसायटीचा ग्रुपही आहे आणि तिथे टँकरवरून भांडण चालू असतं.

गोकुळपेठ_पहाट:
खुणेचा कागद आजच करते. पण चिडचिडीवर कुणी थेट बोललेलं नाही. वाचून उठल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच का होते ती?

उंबरझाड:
ताई, याला तीन साधी कारणं असतात आणि तिन्ही एकत्र आली की स्फोट होतो.

एक, पोट रिकामं. निरशी बसायचं म्हणून चहासुद्धा नाही, आणि उठल्याबरोबर थेट ओट्याशी. अनुष्ठानाचं पारायण असेल तर नियम पाळा. रोजच्या अर्थाच्या अभ्यासाला उपाशी राहायची गरज नाही. चहा आणि दोन खारका, काहीही चालेल.

दोन, मधे पायरी नसते. शेवटची ओवी संपली आणि पुढच्या क्षणी "माझा मोजा कुठे आहे?" शेवटची तीन मिनिटं वाचायचंच नाही. ग्रंथ कपड्यात बांधायचा, चष्मा पुसायचा, पाणी प्यायचं. वीस मिनिटांत सतरा वाचनाची आणि तीन उठण्याची. लोक ही तीन मिनिटं वाचनात घालतात आणि नंतर अर्धा तास भांडणात घालवतात.

तीन, घरच्यांना शेवट माहीत नसतो. "मी बसले आहे" एवढंच कळलं तर सगळे अंदाजानं हाका मारतात. बसताना उठायची वेळ सांगायची. "सहा दहाला उठते, तोवर दूधवाला आला तर पातेलं दाराशी ठेवलंय." आणि सहा दहाला उठायचंच, ओवी कितीही रंगली तरी. चार दिवस शब्द पाळला की पाचव्या दिवशी हाका आपोआप कमी होतात. एकदा मोडलात तर पुन्हा पहिल्यापासून.

कशासाठी उठायचं तेही आधी ठरवून टाका. म्हाताऱ्या माणसाची हाक, लहान मूल, दाराची घंटा आणि नळ: उठायचं. मोजा, रिमोट, चार्जर, "भाजीत मीठ किती": उठायचं नाही. ही यादी एकदा घरात मोठ्यानं वाचून दाखवा. हसतील, पण लक्षात राहील.

वाचनानंतर मौन पाळा असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. संसारात ते करू नका. घरात मौनाचा अर्थ रुसवा असा घेतला जातो, आणि मग "काय झालं?" या प्रश्नाला सतरा वेळा उत्तर द्यावं लागतं.

ओवीमोजणी:
उंबरझाडांना अनुमोदन. आणि चिडचिड हाच मुख्य प्रश्न असेल तर बाराव्यानंतर सरळ तेराव्यात जा. गीतेतल्या तेराव्याच्या सातव्या श्लोकात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती अशी नावं येतात. त्या एका श्लोकावर ज्ञानदेवांनी तीनशेहून जास्त ओव्या लिहिल्या आहेत. अहिंसा दोनशेसतराव्या ओवीच्या आसपास सुरू होते. तिथे तलवार वगैरे फारशी नाही. माणूस पाय कसा टाकतो, बघतो कसा, हात कसा उचलतो, बोलतो कसा, हे इतक्या बारकाईनं आहे की स्वयंपाकघरात भांडं आपटताना आठवावं. बोलण्याबद्दल म्हटलंय की स्नेह आधी पाझरतो आणि अक्षरं मागून चालतात. आपल्याकडे सकाळी पावणेसातला क्रम नेमका उलटा असतो.

हा भाग करताना रोजच्या उजव्या पानावर अर्थाऐवजी एकच गोष्ट लिहायची: आज हे कुठे लागू पडेल. "लागू पडलं का" असं रात्री तपासायला जाऊ नका. त्यातून नुसती अपराधी भावना वाढते आणि वही बंद पडते.

वर्षावास:
इथे सगळे ज्ञानेश्वरीवर बोलत आहेत, पण अडचण तीच असल्यामुळे आमच्याकडची पद्धत सांगतो. धम्मपद या पाली बौद्ध ग्रंथात २६ वग्ग (म्हणजे प्रकरणं) आणि ४२३ गाथा आहेत. सतरावा कोधवग्ग, गाथा २२१ ते २३४, फक्त चौदा गाथा. रोज एक घेतली तर दोन आठवडे. पाली गाथा सकाळी तीनदा मोठ्यानं म्हणायची, शब्द सोडवायचे, आणि दिवसभरात तीच डोक्यात ठेवायची. २२३वी "अक्कोधेन" या शब्दानं सुरू होते, क्रोधाला अक्रोधानं जिंकावं. मराठी माणसाला पाली पुष्कळ ओळखीची वाटते: कोध म्हणजे क्रोध, सच्च म्हणजे सत्य, धम्म म्हणजे धर्म. जोडाक्षर सुटून अक्षर दुहेरी होतं, एवढं कळलं की निम्मं वाचता येतं.

वर्षावास म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिन्यांचा. या काळात आपल्याकडे वस्तीवस्तीच्या विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. ग्रंथाचे आठ खंड आहेत, त्यामुळे नव्वद दिवसांत वाटून घेणं सोपं जातं. ज्यांच्या घरी निवांत कोपराच नाही त्यांनी हे धरावं: सामूहिक वाचनाची वेळ ठरलेली असते, तिथे कुणी रिमोट मागत नाही. पुस्तकं घ्यायची तर दसरा आणि १४ ऑक्टोबरच्या सुमारास दीक्षाभूमीवर चक्कर मारा. पुस्तकांचे इतके स्टॉल एका जागी एरवी दिसत नाहीत.

तर्री_कमी_पोहे_जास्त:
बरोबर आहे भाऊ. पण रोज संध्याकाळी घर सोडून गेलं तर घरच्या कटकटी तिथंच वाट पाहत राहतात ना. आठवड्यातून दोन दिवस बाहेर, बाकी घरी, असं बरं पडते.

मधलं_पान:
घरात एकत्र काही वाचायचं असेल तर त्यासाठी वेगळा ग्रंथ धरा. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ४१ अध्यायांची, ४६७५ ओव्यांची. अध्यायाला सरासरी ११४ ओव्या पडतात, मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं. भाषा आपल्या काळातली, म्हाताऱ्यांना शब्द विचारावा लागत नाही आणि पोरांना कंटाळा येत नाही. गावची सफाई, पाणी, संसार, सगळं त्यात आहे. रोज नको, रविवारी एक अध्याय, वाचणारा दर वेळी वेगळा. एकट्याच्या अभ्यासाला हा पर्याय नाही. पण "तू तुझं वाचत बसतेस" हा टोमणा यानं बोथट होतो.

गोकुळपेठ_पहाट:
दोन शंका राहिल्या. मधे चार दिवस सुटले तर भरून काढायचे का? आणि पाळी, सुतक यांत काय?

उंबरझाड:
भरून काढायचे नाहीत. चार दिवसांच्या वीस ओव्या पाचव्या दिवशी एकदम घेतल्या की त्याचं पारायण होतं, अर्थ निसटतो, आणि सहाव्या दिवशी वही उघडायचीच भीती वाटते. म्हणून वहीत ओवीशेजारी तारीख लिहू नका. आकडा लिहा, तारीख नको. सुटलेले दिवस दिसलेच नाहीत तर बोचत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षा, लग्नघर, दवाखाना, अशा काळात पाचाची एक ओवी करा, पण कागदावरची खूण रोज हलली पाहिजे.

दुसऱ्या शंकेला घराघरात वेगळं उत्तर मिळेल. संकल्प सोडून केलेल्या पारायणाला नियम असतात, ते तुमच्या घरच्या रीतीनं पाळा किंवा पाळू नका, त्यात बाहेरच्यानं पडू नये. पण स्वतःच्या वहीतले शब्द वाचायला कसलं सुतक? एवढ्यासाठी तरी वही ग्रंथापासून वेगळी ठेवा. घरात वादही नको आणि अभ्यासही थांबायला नको.

गोकुळपेठ_पहाट:
बारावा उघडला. पहिल्या चार दिवसांत शब्दांनीच अडवलं आहे. "कां" म्हणजे "का?" असं धरून वाचते तर प्रश्नच प्रश्न दिसतात.

ओवीमोजणी:
सगळे तिथेच अडतात. दृष्टांतांच्या रांगेत "कां" म्हणजे "किंवा". एक उदाहरण झालं, "कां" म्हणून दुसरं सुरू झालं. डाव्या पानावर हे आधीच लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा लागतील: येर म्हणजे इतर, वांचूनि म्हणजे शिवाय, सांडणें म्हणजे टाकणं, गोमटें चांगलं, वोखटें वाईट, आथी म्हणजे आहे, म्हणौनि म्हणजे म्हणून. "पैं" ला बहुतेक ठिकाणी अर्थच नसतो, तो नुसता ओवीचा ताल सांभाळतो. "परी" चे दोन अर्थ, "पण" आणि "प्रकारे". कुठला ते पुढच्या चरणावरून ठरतं, आधी ठरवू नका.

तर्री_कमी_पोहे_जास्त:
"कां" चं "किंवा" होते हे आजच समजलं. काहून हे कुणी शाळेत सांगितलं नाही?

गोकुळपेठ_पहाट:
नळ आला. आठव्या ओवीवर खूण, दृष्टांत अजून आलेला नाही.